गिऱ्हाईक तुमचं, पण वही कुणाची?

२९ जून २०२० च्या संध्याकाळी केंद्र सरकारनं ५९ चिनी ॲपवर बंदी जाहीर केली. टिकटॉक त्यांतलं सगळ्यांत मोठं. भारतात त्याचे वीस कोटींच्या घरात वापरकर्ते होते आणि तालुक्याच्या गावांतली, वाड्यावस्त्यांवरची मराठी माणसंही त्यात हौसेनं उतरली होती. दुसऱ्या दिवशी ॲप गुगल प्ले आणि ॲपलच्या स्टोअरवरून उतरलं, आणि फोनमध्ये होतं तेही चालेनासं झालं. गलवानच्या चकमकीनंतरचे दिवस होते, कारण देशाच्या सुरक्षेचं होतं. त्या निर्णयाबद्दल मला इथे काही म्हणायचं नाही. धंदा करणाऱ्यानं त्यातली एक गोष्ट मात्र नीट पाहून ठेवावी. ज्यांच्यामागे लाख-लाख लोक होते, त्यांच्यातल्या बहुतेकांकडे त्या लाखातल्या शंभर जणांचेही फोन नंबर नव्हते. लोक होते, आवड होती, ओळख होती. पण ती सगळी एका कंपनीच्या यादीत होती आणि जाताना ती यादी कुणालाही बरोबर नेता आली नाही.

आज महाराष्ट्रात घरगुती धंदा सुरू करणारी व्यक्ती आधी फेसबुक पेज किंवा इन्स्टाग्राम अकाउंट उघडते, मग पिशव्या छापते. येवल्याची पैठणी, कोल्हापुरी चप्पल, गोडा मसाला, दिवाळीचा फराळ, देवगड-रत्नागिरीचा हापूस, तारकर्लीचा होमस्टे, सगळं तिथे विकलं जातं. दुकानाचं डिपॉझिट भरायची ऐपत नसलेल्या बाईला हजार घरांपर्यंत पोचवणारं साधन याआधी नव्हतं, आणि ते सोडा असं मी कुणालाही सांगणार नाही. पण हे दुसऱ्याच्या ओट्यावर मांडलेलं दुकान आहे, आणि साध्या भाडेकरूला असतं तेवढंही संरक्षण इथे नाही. गाळा भाड्यानं घेतला तर अकरा महिन्यांचा करार होतो, रिकामा करायला सांगायचं तर आधी नोटीस येते, आणि गाळा गेलाच तरी गिऱ्हाईक शेजारच्या पानवाल्याला ‘हे कुठे गेले हो?’ म्हणून विचारतं. पेज गेलं की विचारायला पानवालाही नसतो.

हापूसचं उदाहरण घेऊ, कारण त्यात हंगाम छोटा आणि चूक महाग. मार्च ते मे, एवढाच काळ. गुढीपाडव्याला पहिल्या पेट्यांना मान, अक्षय्य तृतीयेला मागणीचा जोर, आणि पाऊस तोंडावर आला की संपलं. माल वाशीच्या मार्केटला पाठवला की पेटी कुणाच्या घरी गेली हे बागायतदाराला कळत नाही; पुढच्या वर्षी पुन्हा दलालाच्याच फोनची वाट. थेट विक्रीत पेटीमागे चार पैसे जास्त सुटतात, हा फायदा सगळे मोजतात. त्याहून मोठा फायदा मोजला जात नाही. डोंबिवलीतलं एक कुटुंब दर वर्षी चार पेट्या घेतं, त्यांना आंबा कच्चाच लागतो, पेंढ्यात घालून ते घरी पिकवतात, आणि चारांतली एक पेटी पुण्याला लेकीकडे जाते, हे आपल्याला ठाऊक असणं म्हणजे पुढच्या वर्षीची ऑर्डर आजच हातात असणं. आता ही माहिती मेसेंजरच्या गप्पांत आणि इन्स्टाग्रामच्या डीएममध्येच पडून असली आणि ऐन एप्रिलात अकाउंट बंद झालं, तर फवारण्या, राखण, काढणी करून भरलेल्या पेट्या खळ्यात आणि घेणाऱ्याचा पत्ता मात्र कुठेच नाही, अशी गत होते. आंबा कुणाच्या अपिलाचा निकाल लागेपर्यंत थांबत नाही.

धोका कुठून येतो

कंपनीच दुकान गुंडाळते, हा सगळ्यांत उघड धोका. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. गुगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये गेलं. मराठीसह अनेक भारतीय भाषांत चालणारं ‘कू’ २०२० मध्ये सुरू झालं आणि जुलै २०२४ मध्ये ते बंद होत असल्याचं त्याच्या संस्थापकांनी जाहीर केलं. छोट्या व्यावसायिकांना जास्त लागलेलं उदाहरण गुगलचंच आहे. गुगलच्या बिझनेस प्रोफाइलवरून फुकटात एक छोटी वेबसाइट करून मिळायची. कितीतरी लॉजवाल्यांनी, केटरर्सनी, क्लासवाल्यांनी तोच पत्ता व्हिजिटिंग कार्डावर आणि गाडीच्या मागच्या काचेवर छापला होता. मार्च २०२४ मध्ये गुगलनं त्या सगळ्या साइट बंद केल्या, आणि जूननंतर तर जुना पत्ता टाकणाऱ्याला पुढची वाट दाखवायचंही थांबलं. कार्डं मात्र अजून लोकांच्या पाकिटात आहेत.

काही तासांपुरतं बंद पडणं त्यामानानं किरकोळ, पण ते कधी होईल हे आपल्या हातात नसतं. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही जवळपास सहा तास ठप्प होती. कंपनीच्या आतल्या नेटवर्कवर देखभालीचं काम चालू असताना चुकीची आज्ञा गेली, एवढंच कारण. घटस्थापना तीन दिवसांवर होती. पुढच्या वर्षी २५ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी व्हॉट्सॲप दोनेक तास बंद होतं. जाहिरात इन्स्टाग्रामवर, बोलणं व्हॉट्सॲपवर आणि ओळख फेसबुकवर, म्हणून आपण तीन ठिकाणी आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांना त्या रात्री कळलं की तिन्ही एकाच मालकाची आहेत.

याहून हळू आणि म्हणूनच जास्त घातक धोका म्हणजे न दिसणं. “ताई, हल्ली रीचच येत नाही,” हे वाक्य पेजवर विकणाऱ्या कुणाच्याही तोंडी ऐकू येतं. जानेवारी २०१८ मध्ये मार्क झुकरबर्ग यांनी जाहीर केलं की लोकांना आता व्यवसायांच्या पोस्टपेक्षा मित्रांच्या आणि घरच्यांच्या पोस्ट जास्त दिसतील. पेजचा रीच यामुळे घटेल हे फेसबुकनं तेव्हाच सांगून टाकलं होतं. त्याआधी अनेकांनी पैसे मोजून लाइक जमवले होते, ‘दहा हजार झाले’ म्हणून पेढे वाटले होते. ते दहा हजार लोक पेजवर तसेच राहिले, पण त्यांच्यापर्यंत पोचायचं तर पुन्हा पैसे भरा, अशी स्थिती आली. इन्स्टाग्रामचंही तेच. टिकटॉक गेल्यावर काही दिवसांतच, जुलै २०२० मध्ये, भारतात रील्स आले, आणि जून २०२१ मध्ये इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी स्वतःच सांगितलं की हे आता फक्त फोटोंचं ॲप राहिलेलं नाही. पैठणीच्या पदराचा, काठातल्या मोरांचा सुरेख फोटो काढणं ही एखादीची हातोटी असेल. तिनं वर्षभर घासून ती कमावली असेल. नियम बदलला की तिला कॅमेऱ्यासमोर उभं राहून बोलावं लागतं, गाण्यावर ताल धरावा लागतो. ज्यांना ते जमतं त्यांनी जरूर करावं. पण ज्यांना नाही जमत त्यांचा माल वाईट नसतो, आणि केवळ एका कंपनीनं दिशा बदलली म्हणून त्यांचा धंदा बसावा हे मला फार लागतं.

जाहिरातीचं गणित इथेच सांगून ठेवतो. ‘बूस्ट’चं बटण दाबलं की आपण एका लिलावात उतरतो. त्याच लिलावात मोठ्या ऑनलाइन कंपन्याही बोली लावत असतात, आणि दिवाळीच्या तोंडावर त्यांच्या बोलीपुढे आपला पाचशे रुपयांचा बूस्ट फार लांब जात नाही. म्हणून बूस्ट करायचाच तर सणाच्या महिना-दीड महिना आधी करा, आणि लाइकसाठी करू नका. माणसानं फोन करावा, मेसेज करावा, नंबर द्यावा, यासाठी करा. लाइक कंपनीकडे राहतो, नंबर तुमच्याकडे.

पेज उडतं तेव्हा

अकाउंट बंद होण्यासाठी आपण लबाडच असावं लागतं असं नाही. कोट्यवधी पोस्ट तपासायचं काम यंत्रं करतात आणि यंत्रं चुकतात. काही वेळा मात्र नियम आपल्याला ठाऊक नसतो. इन्स्टाग्रामच्या बिझनेस अकाउंटला सगळी सिनेमाची गाणी वापरायची मुभा नसते. चालू गाणं लावून रील टाकली की आवाज तरी जातो नाहीतर रील जाते, आणि असं वारंवार झालं की अकाउंटवर गंडांतर येतं. फेसबुकच्या मार्केटप्लेसवर जिवंत जनावरं विकायला परवानगी नाही, त्यामुळे शेळ्या, कालवडी, कोंबड्या विकणाऱ्यांच्या पोस्ट जातात. वजन कमी करणारा काढा, गुडघेदुखीवरचं तेल, ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो, या जाहिराती हमखास अडकतात. आणि व्हॉट्सॲपवर अनोळखी लोकांना एकगठ्ठा मेसेज पाठवले, त्यांतल्या काहींनी तक्रार केली, की नंबरच बंद होतो. भारतात दर महिन्याला असे लाखो नंबर व्हॉट्सॲप बंद करतं. कंपनी स्वतःच तो आकडा प्रसिद्ध करते. विकत घेतलेली ‘डेटाबेस’ची यादी वापरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

पण मी पाहिलेली बरीच पेजं नियमामुळे गेली नाहीत, मालकाच्याच हातून गेली. ती कशी जातात ते जवळून पाहा. रात्री साडेदहाला पेजवर मेसेज येतो. पाठवणाऱ्याच्या नावात ‘सपोर्ट’ किंवा ‘हेल्प सेंटर’ असे शब्द, चित्रात कंपनीचं निळं चिन्ह. मजकूर असा: तुमच्या पेजवरून कॉपीराइटचा भंग झाल्याची तक्रार आली आहे, चोवीस तासांत खुलासा न केल्यास पेज कायमचं बंद होईल, खुलाशासाठी खालची लिंक उघडा. लिंक उघडली की हुबेहूब फेसबुकसारखं दिसणारं पान येतं. ते पासवर्ड मागतं, मग मोबाइलवर आलेला सहा आकडी कोड मागतं. कोड भरला की दोन मिनिटांत पेजचे सगळे ॲडमिन काढले जातात आणि नाव बदललं जातं. दिवसभर पॅकिंग करून दमलेला माणूस ‘पेज बंद होईल’ हे वाचून घाबरतो, आणि त्या घाबरण्यावरच हा सगळा उद्योग चालतो. असा मेसेज आला तर काहीही उघडू नका. कंपनी खरी सूचना देते ती मेसेंजरमध्ये अनोळखी खात्यावरून देत नाही. ती सेटिंगमध्ये अकाउंटच्या स्थितीत दिसते. इन्स्टाग्रामनं आपल्याला अलीकडे कोणते ईमेल पाठवले याची यादीही सेटिंगमध्ये असते. त्या यादीत नसलेला ईमेल खोटा समजायचा.

दुसरा प्रकार घरातला. पेज भाच्यानं काढून दिलेलं असतं, दहावीच्या सुट्टीत. लॉगिन त्याचं, ईमेल त्याचा, आणि रिकव्हरीचा नंबर त्यानं कॉलेजात असताना घेतलेल्या सिमचा, जे आता बंद आहे. बंद झालेला नंबर नव्वद दिवसांनंतर दुसऱ्या कुणाला दिला जाऊ शकतो, म्हणजे आपल्या पेजची किल्ली एखाद्या परक्या माणसाच्या खिशात असू शकते. भाच्याऐवजी जाहिरात एजन्सी असली तर प्रकरण आणखी किचकट. एजन्सी पेज आपल्या बिझनेस खात्यात घेते, जाहिरातीचं खातंही तिचंच असतं, आणि पैशावरून बिनसलं की आपल्या दुकानाचं नाव असलेलं पेज आपल्यालाच उघडता येत नाही. फेसबुक पेज हे कुणाच्या तरी वैयक्तिक प्रोफाइलला बांधलेलं असतं. ते प्रोफाइल बंद झालं तर पेज धनी नसल्यासारखं होतं. तेव्हा आजच पाहा: पेजवर पूर्ण नियंत्रण कुणाकुणाकडे आहे? त्यात तुम्ही स्वतः असलेच पाहिजेत, आणि घरातली आणखी एक विश्वासाची व्यक्ती. एजन्सीला काम करण्यापुरता प्रवेश द्या, मालकी देऊ नका, आणि पहिला चेक देण्याआधी हे कागदावर लिहून घ्या. ओळखीतला आहे, कशाला लिहून घ्यायचं, हा संकोच इथे करू नका.

बाकीची काळजी अर्ध्या तासाची आहे. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि त्यांना जोडलेला ईमेल, तिन्हींवर टू-फॅक्टर सुरू करा. ईमेल विसरू नका, कारण बाकी सगळ्यांची दारं तिथून उघडतात. बॅकअप कोड कागदावर लिहून घरच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा. व्हॉट्सॲपवर सहा आकडी पिन लावा. धंद्याचं सिम स्वतःच्या नावावर असू द्या आणि त्याचं रिचार्ज कधी चुकवू नका.

स्वतःची वही

आता मुख्य गोष्ट. ती जुनी आहे आणि आपल्याकडच्या कुठल्याही किराणा दुकानदाराला शिकवावी लागत नाही: गिऱ्हाइकाचं नाव आपल्या वहीत असलं पाहिजे. पुढचं सगळं याच्या पोटातलं.

वही खरोखरची असली तरी चालेल, एक्सेल किंवा गुगल शीट असली तर शोधायला सोपी. रकाने थोडेच ठेवा, नाहीतर दोन आठवड्यांत कंटाळा येतो. नाव, फोन, पिनकोडसह पत्ता, काय घेतलं आणि कधी, कुणाच्या ओळखीनं आलं, आणि शेवटी एक मोकळा रकाना, ज्यात ‘कच्चा हवा’, ‘तिखट कमी’, ‘सोसायटीत लिफ्ट नाही’, ‘गौरींना साडी घेतात’ असं काहीही लिहिता येईल. तो शेवटचा रकाना सोन्याचा आहे. पाच मिनिटं लागतात, आणि ती ऑर्डर नक्की होते त्याच दिवशी द्यायची. ‘हंगाम संपल्यावर भरू’ म्हटलं की ते राहून जातं. शीट गुगलवर असेल तर तीही दुसऱ्याच कंपनीकडे आहे, म्हणून महिन्यातून एकदा ती उतरवून घ्या आणि छापून कपाटात ठेवा.

नंबर घेताना विचारून घ्या. ऑर्डर पक्की झाल्यावर एवढा मेसेज पुरतो: “पुढच्या हंगामात माल निघाला की तुम्हाला कळवू का? चालणार असेल तर आमचा नंबर सेव्ह करून ठेवा.” यातलं दुसरं वाक्य सौजन्यापुरतं नाही. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी २५६ जणांपुरती असते आणि तिच्यातला मेसेज ज्यांनी आपला नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच पोचतो. बाकीच्यांना तो जातच नाही, आणि आपण समजतो की लोकांना रस उरला नाही. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला आहे. छोट्या विक्रेत्यानं त्याला भिण्याचं कारण नाही, पण त्याची भावना पाळावी: विचारून घ्यायचं, ज्यासाठी घेतलं त्यासाठीच वापरायचं, यादी कुणाला विकायची किंवा द्यायची नाही, आणि कुणी ‘माझं नाव काढा’ म्हटलं तर त्याच दिवशी काढायचं.

व्हॉट्सॲप म्हणजे आपली वही, असं बरेच जण धरून चालतात. ते तसं नाही. नंबर बंद झाला तर गप्पा, कॅटलॉग, ब्रॉडकास्ट याद्या सगळं अडकतं. पण फोन नंबर वेगळा लिहिलेला असेल तर साधा फोन करता येतो, दुसऱ्या सिमवरून करता येतो. पन्नास जुन्या गिऱ्हाइकांना फोन करायला एक दुपार पुरते, आणि “काकू, यंदा आंबा चांगला आहे, ठेवू का दोन पेट्या?” या प्रश्नाला जेवढी ‘हो’ मिळतात तेवढी कुठल्याही रीलला मिळत नाहीत.

मोठ्या फेसबुक ग्रुपमध्ये विकणाऱ्यांना हेच अधिक लागू. लॉकडाउनच्या काळात बायकांच्या अशा ग्रुपांनी कितीतरी घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या. परदेशातल्या मराठी मंडळींच्या ग्रुपांतून अजूनही फराळाच्या ऑर्डरी येतात. पण तिथे तर दोन मालक: एक कंपनी आणि एक ग्रुपची ॲडमिन. विक्रीचा वार बदलला, लिंक टाकायला बंदी आली, ॲडमिन ताईंचं आणि आपलं वाजलं, की रस्ता बंद. ग्रुपमध्ये ओळख करून घ्या, पण पहिल्या ऑर्डरीनंतर ते नाव वहीत आलंच पाहिजे.

मालाच्या प्रत्येक खोक्यावर आपला नंबर, गावाचं नाव आणि वेबसाइटचा पत्ता छापा. नुसतं ‘आम्हाला इन्स्टावर फॉलो करा’ छापणं म्हणजे स्वतःच्या पैशानं दुसऱ्याची जाहिरात. खोकं शेजारच्यांच्या घरी जातं, ऑफिसात जातं, आणि त्यावरचा फोन नंबर दोन वर्षांनीही लागतो.

वेबसाइटचं नाव काढलं की लोकांना मोठा खर्च दिसतो. तशी गरज नसते. आधी फक्त नाव घ्या, म्हणजे डोमेन. डॉट इनवरचं नाव वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास मिळतं. ते स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घ्या, भाच्याच्या किंवा डिझायनरच्या नाही, आणि नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. देवनागरीत डॉट भारतवरही नाव घेता येतं, २०१४ पासून ती सोय आहे, आणि आपल्या लिपीतला पत्ता पाहून मला मनापासून आनंद होतो. पण लोक फोनवर अजून इंग्रजी अक्षरंच टाइप करतात, म्हणून आधी डॉट इन घ्या, मग ऐपत असेल तर हे. त्या नावावर एक पान पुरे: आपण कोण, काय विकतो, दर, फोन, पत्ता, चार चांगले फोटो. पान ज्या कंपनीच्या सर्व्हरवर असेल ती उद्या बंद पडली तरी पान दुसरीकडे नेता येतं आणि पत्ता तोच राहतो. कार्ड, खोकं, गाडीची काच, कुठेही छापायला हा एकच पत्ता भरवशाचा.

फोटोंच्या मूळ फाइल स्वतःकडे ठेवा. इन्स्टाग्रामवर चढवलेला फोटो लहान होतो, तो परत उतरवून छापायला गेलात तर फुटतो. फेसबुक आणि इन्स्टाग्राम दोन्हीकडे आपली सगळी माहिती उतरवून घ्यायची सोय सेटिंगमध्ये आहे. दिवाळी झाली की आणि हंगाम संपला की ती वापरा. गिऱ्हाइकांनी पेजवर लिहिलेले चांगले अभिप्राय त्यांना विचारून, तारखेसह जपून ठेवा. पेजबरोबर तेही जातात.

आणि ऑनलाइनच्या बाहेरही पाय ठेवा. पुण्याची भीमथडी जत्रा, बचत गटांसाठीचं मुंबईचं महालक्ष्मी सरस, पणन मंडळाचा आंबा महोत्सव, शाळेच्या मैदानावरचं छोटं प्रदर्शन, कुठेही टेबल मिळालं तरी तिथे दिवसाला जेवढे लोक माल हातात घेऊन पाहतात आणि चव घेऊन नंबर देतात, तेवढी पक्की नावं महिनाभराच्या पोस्टमधून मिळत नाहीत. टेबलावर वही आणि पेन ठेवायला विसरू नका.

आपला धंदा किती अडकलेला आहे हे तपासायची एक सोपी रीत आहे. गेल्या तीन महिन्यांच्या ऑर्डरी घ्या. पेज, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप आज बंद झाले असं धरा, आणि त्यांतल्या किती गिऱ्हाइकांना तुम्ही आज संध्याकाळपर्यंत फोन करू शकता ते मोजा. निम्म्याहून कमी निघाले तर नवीन रील काढायचं आठवडाभर थांबवा आणि जुने डीएम उघडून नावं, नंबर वहीत उतरवायला बसा.

तरीही गेलंच तर

पहिल्या तासात ईमेलचा पासवर्ड बदला, ॲपमधल्या अधिकृत मार्गानंच अकाउंट परत मागा, आणि जे जे दिसतं त्याचे स्क्रीनशॉट तारखेसह घ्या. वहीतल्या लोकांना एसएमएस करा की पेज आमच्या ताब्यात नाही, तिथून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. हे आधी करा, कारण हॅक झालेल्या पेजवरून आपल्याच गिऱ्हाइकांना क्यूआर कोड पाठवले जातात आणि बुडालेल्या पैशांचा बोल आपल्याला लागतो. पैसे गेले असतील तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. जेवढा उशीर तेवढी रक्कम अडवणं अवघड.

कंपनीनं चुकीनं अकाउंट बंद केलं असेल तर गप्प बसू नका. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार या मोठ्या कंपन्यांना भारतात तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्यानं चोवीस तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि ठरलेल्या मुदतीत ती निकाली काढावी असं नियम सांगतो. त्याचं उत्तर पटलं नाही तर तीस दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं. या समित्या २०२३ पासून काम करतात, सगळा कारभार ऑनलाइन आहे आणि वकील लागत नाही. तक्रार थोडक्यात आणि मुद्देसूद लिहा: अकाउंटचं नाव, कधीपासून चालू, कधी बंद झालं, कंपनीनं दिलेलं कारण, आणि ते का लागू नाही. उद्यम नोंदणी, जीएसटी किंवा एफएसएसएआयचा परवाना असेल तर प्रत जोडा. पेजवरचं नाव आणि परवान्यावरचं नाव एकच असलं की आपली बाजू भक्कम होते. ‘तीन हजारांत अकाउंट उघडून देतो’ म्हणणाऱ्यांच्या मागे लागू नका. ते पैसे घेतात आणि उरलेला पासवर्डही नेतात.

आंबेवाल्यांनी हे सगळं करायची वेळ जूनची आहे. पेट्या संपलेल्या असतात, गिऱ्हाइकांचे मेसेज अजून फोनमध्ये ताजे असतात, आणि पाऊस लागल्यामुळे घरात बसायला वेळ मिळतो. फराळवाल्यांनी तुळशीच्या लग्नापर्यंत उरकावं, साडीवाल्यांनी लग्नसराई ओसरली की. एकट्यानं बसवत नसेल तर घरातल्या दहावी-बारावीच्या मुलाला बरोबर घ्या. तो नावं वाचेल, तुम्ही लिहा, म्हणजे वही तुमच्या अक्षरात राहील आणि कोण गिऱ्हाईक काय घेतं हे त्यालाही कळेल.